आधी माझी प्लेट मोजा

वसुधा मॅडम,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. तुमच्या हाताखालच्या शिरीषने खूण केली, माइक माझ्याकडे सरकवला, मी मान हलवून नको म्हटलं. आधी बोललेल्या सगळ्यांनी तुम्ही किती शांत होता, किती समजूतदार होता, सगळ्यांना कशा सांभाळून घ्यायच्या ते सांगितलं. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते, ही कुठली बाई? मला माहीत असलेली बाई माझ्या कुरुळीच्या शेडमध्ये उभी राहून माझ्याशी अशा आवाजात भांडायची की शेजारच्या गाळ्यातली माणसं मशीन बंद करून ऐकायची. मी उठले असते तर हेच सांगितलं असतं, आणि हार घातलेल्या फोटोसमोर ते बरं दिसलं नसतं.

आता तुमचे लोक तुमच्यावर एक पुस्तिका काढताहेत. माझ्याकडे चार ओळी मागितल्या. चार ओळींत माझं भागणार नाही हे त्यांना कळायला हवं होतं.

मला तुमच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं. "सुरेखाबाई, प्लेट तुमची बरोबर होती." एवढंच. सभेत नको, लेखी नको, फोनवर म्हटलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही ते म्हटलं नाहीत आणि आता म्हणणार नाही. म्हणून हे लिहितेय.

पहिल्यांदा आलात ते आठवतं? आलात म्हणजे आधी आलाच नाहीत, वजनकाट्यावर गेलात. माझ्या शेडचा पत्ता मोबाइलच्या नकाशात टाकला की तो रस्त्यापलीकडच्या ट्रकच्या काट्यावर नेऊन सोडतो. काट्यावरच्या माणसाने तुम्हाला हात करून माझी शेड दाखवली. तुम्ही कपाळावरचा घाम पुसत आत आलात आणि नमस्काराच्या आधी विचारलंत, "हा नकाशा सगळ्यांना काट्यावरच नेतो?"

"सगळ्यांना," मी म्हटलं. "कुरियरवाला, बँकवाला, पाहुणे, सगळे."

"नेहमी काट्यावरच? कधी दुसरीकडे नाही?"

"नाही. कायम काट्यावर."

"मग काही बिघडलं नाही," तुम्ही खुर्ची ओढून बसत म्हणालात. "रोज वेगळीकडे नेला असता तर अवघड होतं. कायम एकाच बाजूला तेवढाच चुकतो ना? मग तेवढं वजा करायचं."

मला वाटलं बाई जरा सैल आहे. नंतर कळलं की तुमचा सगळा धंदाच तो होता. अवकाशात दुर्बीण पाठवून आकाशातून येणाऱ्या गॅमा किरणांचा पत्ता काढायचा, आणि पत्ता किती चुकतोय आणि कुठल्या बाजूला चुकतोय तेही सांगायचं.

मी तुम्हाला सरळ विचारलं होतं की दुर्बिणीला काच लागते, माझ्याकडे वायरकट मशिनं आहेत, म्हणजे विजेच्या तारेने धातू कापायचं काम. माझ्याकडे कशाला आलात? तुम्ही म्हणालात, हे किरण काचेतून वळत नाहीत, साध्या आरशावरून परतत नाहीत, आरपार निघून जातात. त्यांना पकडून एका ठिपक्यावर आणायची सोयच नाही. म्हणून आम्ही त्यांची सावली पाडतो. मग तुम्ही उठून माझ्या ऑफिसच्या खिडकीपाशी गेलात. दुपारचं ऊन होतं, खिडकीच्या जाळीची सावली फरशीवर पडली होती.

"ही सावली बघून सूर्य कुठे आहे ते सांगता येईल?"

"येईल की."

"तुमच्या जाळीची सगळी घरं सारखी आहेत. सावली बरोबर एक घर सरकली तर तुम्हाला कळेल?"

मी जरा बघितलं. "नाही कळणार. तशीच दिसेल."

"म्हणून माझी जाळी, आम्ही मास्क म्हणतो ती, अशी," असं म्हणून तुम्ही टेबलावर ड्रॉइंग उलगडलंत. चौकोनच चौकोन, काही उघडे, काही भरलेले, कशाला कशाचा मेळ नाही. मला वाटलं कुणा पोराने पेन घेऊन घरं काळी केलीत. तुम्ही म्हणालात, ती विस्कटलेली दिसते पण विस्कटलेली नाही. कुठूनही ऊन पडू दे, सावली कशीही सरकू दे, प्रत्येक जागेची सावली दुसरीपेक्षा वेगळी. खाली सावली टिपणारं यंत्र, आणि ती सावली जाळीच्या नमुन्याशी ताडून बघणारा कॉम्प्युटर. जिथे जुळेल तिथून किरण आले. दोन तारे एकदम चमकले तरी दोन्हींच्या सावल्या वेगळ्या काढता येतात.

"आणि हे करून मिळतं काय?" मी विचारलं. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते.

"लांब कुठेतरी एखादा तारा कोसळतो, क्षणभर झगमगाट होतो आणि विझतो. तो कुठे झाला ते आम्ही लगेच सांगितलं तर जगातल्या बाकीच्या दुर्बिणी तिकडे वळतात. चुकीचं सांगितलं तर त्या रिकाम्या आकाशाकडे बघत बसतात."

"म्हणजे काट्यावर."

"काट्यावर," तुम्ही म्हणालात, आणि पहिल्यांदा हसलात.

मग भावाची बोलणी सुरू झाली आणि मी कंबर कसून बसले. मी आयुष्यभर घासाघीस करत आलेय. कंपनीतल्या खरेदीच्या साहेबांना मी रडवलंय. पण तुम्ही भावाला हातच लावला नाहीत. "भाव तुमचा, माप माझं," म्हणालात. मी मापात सूट मागायला लागले तर तुम्ही भाजीवालीसारख्या अडून बसलात. मी म्हणायचे भोकाची जागा केसाइतकी इकडेतिकडे चालेल ना, तुम्ही म्हणायच्या कुणाचा केस? जाळी ज्या टंगस्टनची करायची तो ठिसूळ असतो, कोपऱ्यात तडकतो, सगळीकडून उघड्या घरांनी वेढलेला भरीव तुकडा गळून खाली पडेल, त्याला धरून ठेवायला बारीक पट्टी सोडावीच लागेल, हे सगळं मी तुम्हाला सांगितलं. पट्टीवर तुम्ही एका दुपारी राजी झालात. मापावर शेवटपर्यंत नाही. उठताना मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही सायन्समध्ये कशाला गेलात, पिंपरी कॅम्पात दुकान टाकलं असतं तर बरं झालं असतं." तुम्ही म्हणालात, "तुम्ही गिऱ्हाईक म्हणून आला असता तर बंद पडलं असतं."

आपलं जमलं ते त्या दिवशी.

जाळीची पहिली प्लेट तुम्ही परत केलीत त्याबद्दल मला आजही काही मागे घ्यायचं नाही. धातू कापला की कडेला बारीक कुसळं राहतात, त्यांना आमच्यात बर म्हणतात. ती बर काढायची, वर कडेवर हलका दगड फिरवून धार मोडायची, आणि मगच माल गाडीत चढवायचा, हे आमच्या पट्ट्यात कुणी कुणाला सांगत नाही. मी स्वतः भोसरीला ठेक्यावर कामाला लागले तेव्हा पहिलं काम तेच होतं. दिवसभर बर काढायची. धारेचा माल गिऱ्हाइकाच्या हातात देणं म्हणजे त्याच्या हाताला चिरा देणं. आमचे किसनमामा, कुरुळीतलेच, माझ्याकडचे सगळ्यात जुने फिटर, त्यांनी तुमची प्लेट मशीनवरून उतरल्यावर एकेका भोकात बारीक दगड फिरवला. प्रेमाने फिरवला. पुसून, तेल लावून, कागदात गुंडाळून दिली.

तुम्ही भिंग लावून बघितलंत आणि तुमचा चेहरा उतरला.

"हे कुणी केलं?"

"मी केलं," मामा पुढे आले. "लई नाजूक हाय वो मॅडम, पर एक बी कड टोचायची न्हाई तुमाला. हात फिरवून बघा."

"मामा, मला टोचायलाच हवी होती."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी तुमच्याकडे. तुम्ही समजावलंत की कड गोल झाली की तिथे धातू पातळ होतो, पातळ धातूतून थोडे किरण झिरपतात, सावलीची कड मऊ होते, आणि सगळा पत्ता तर त्या कडेवरूनच काढायचा असतो. शिवाय प्रत्येक भोकावर दगड सारखा फिरलेला नाही, म्हणजे प्रत्येक कड वेगळी.

"ड्रॉइंगवर लिहिलं होतं का?" मी विचारलं.

"हे लिहायला लागतं?"

"आमच्याकडे जे न सांगता होतं तेच सगळ्यात आधी होतं. ते थांबवायचं असेल तर लिहावं लागतं."

"माझ्या क्षेत्रात कुणीही..."

"मग तुमच्या क्षेत्रात कापून घ्यायची होती."

त्या दिवशी शेजारच्या गाळ्यातली मशिनं बंद झाली होती. मामा मध्ये पडले, "आवो दोघी बी जरा च्या घ्या," तरी आपण थांबलो नाही. शेवटी तुम्ही पेन काढलंत आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मराठीत लिहिलंत: कडा मोडू नयेत. खाली सही केलीत. मी नवीन प्लेट कापायला घेतली. मामा त्या प्लेटजवळ आले की हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. म्हणायचे, "माजा हात माजं ऐकत न्हाई, त्याला बांधूनच ठिवतो."

परत आलेली प्लेट मी भंगारात दिली नाही. माझ्या ऑफिसच्या खिडकीत लावली, जुन्या जाळीच्या जागी. पुढच्या वेळी आलात तेव्हा तिची सावली तुमच्या चपलांवर पडली होती. तुम्ही पाय न हलवता बराच वेळ उभ्या राहिलात.

दुसऱ्या प्लेटवर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तिच्यासोबत कापलेली जोडप्लेटही घेतलीत, एक यानातून वर जायला, एक खाली जपून ठेवायला, आणि दोन्हींच्या एकेका भोकाची मी काढलेली मापंही. तुमच्याकडून शब्द न येणं म्हणजे काम पसंत पडणं, एवढं मी तोवर शिकले होते. यान उडालं तेव्हा मी सगळी मशिनं थांबवली आणि टीव्हीसमोर सगळ्यांना बसवलं. धूर विरल्यावर मामांनी एवढंच विचारलं, "आपली प्लेट वरल्या अंगाला हाय का खालच्या?" मी म्हटलं वरच्या. ते खूश झाले.

आता त्या दिवसावर येते.

दुर्बीण सुरू झाल्यावर तुम्ही तिला ओळखीच्या वस्तूकडे वळवलंत. क्रॅब नेब्युला, एका फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष, ज्याचा आकाशातला पत्ता सगळ्या जगाला पक्का माहीत आहे. तुमच्या दुर्बिणीने तो पत्ता चुकीचा सांगितला. थोडासा, पण चुकीचा. आणि दर वेळी तेवढाच चुकीचा असता तर वजा केला असता, काट्यासारखा. तो बदलत होता. आज इकडे थोडा, परवा तिकडे जास्त.

तुमच्या संस्थेत मोठी बैठक झाली. मलाही बोलावलं होतं, सुटे भाग करणारे सगळेच होते. तिथे कुणीतरी म्हणालं, जाळी एका छोट्या वर्कशॉपने केलीय, तिथूनच सुरुवात करू. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझी शेड बघितली होती, माझी मशिनं, माझे मामा, त्यांचे पाठीमागे बांधलेले हात. मला वाटलं आता मॅडम बोलतील.

तुम्ही बोललात. "हो. आधी मास्कच मोजू. जोडप्लेट बाहेर पाठवू."

मी तिथेच उठून उभी राहिले. "माझ्याकडे मोजायचं यंत्र आहे. तुम्हीच त्याचं सर्टिफिकेट बघितलंय."

"माहीत आहे, सुरेखाबाई. म्हणूनच दुसरीकडे मोजायचं."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"हा विश्वासाचा प्रश्न नाही."

"मग कसला आहे?"

तुम्ही पुढचा मुद्दा घेतलात. मी पिशवी उचलली आणि निघून आले.

भोसरीच्या कंपनीत आम्ही ठेक्याच्या बाया होतो. एखादा पार्ट हरवला, एखादं माप चुकलं, की गेटवर आधी आमच्या पिशव्या उघडायच्या. पर्मनंटच्या नाही, सुपरवायझरच्या नाही. डबा उघडून भाकरी उलटी करून बघायचे. पार्ट बहुतेक वेळा स्टोअरमध्येच सापडायचा. सापडल्यावर कुणी येऊन सांगायचं नाही की बाई, तुझ्या पिशवीत नव्हता. मी तिथून बाहेर पडले, कर्जाने एक जुनं मशीन घेतलं, मग दुसरं, मग स्वतःची शेड घेतली, ती एवढ्याचसाठी की कुणी माझी पिशवी आधी उघडू नये. आणि तुम्ही, भर सभेत, आधी मास्क म्हणालात.

जोडप्लेटची मापं आली. तिच्यात काही सापडलं नाही. मग तुम्ही एकेक भाग तपासत गेलात. शेवटी कळलं की दुर्बिणीच्या सांगाड्याला एका बाजूने ऊन लागलं की तो किंचित वाकतो, आणि ज्या कॅमेऱ्यावरून दुर्बीण कुठे बघतेय ते ठरतं तो आणि माझी प्लेट यांच्यातला कोन बदलतो. ऊन जसं बदलतं तसा पत्ता सरकतो. तुम्ही कुठल्या उन्हात किती सरकतो ते शोधलंत, ते वजा केलंत, आणि क्रॅब नेब्युला आपल्या जागी आला.

हे मला शिरीषने फोन करून सांगितलं. तुम्ही नाही.

मी वाट बघितली. तुमचा फोन आला तर उचलायचा नाही असं ठरवून वाट बघितली. तो आलाच नाही. मधल्या काळात तुमच्या दुर्बिणीने एका झगमगाटाचा पत्ता सांगितला, दुसऱ्या देशातल्या दुर्बिणी तिकडे वळल्या आणि त्यांना तिथेच विझत चाललेला उजेड दिसला, हे मी पेपरात वाचलं. मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मंग मॅडमला फोन लावा की." मी म्हटलं, "त्यांना लावता येत नाही?" मामा म्हणाले, "तुमी दोघी बी त्या टंगस्टनवानी. वाकायचं न्हाई, तडकायचं."

मग तुमच्या आजाराचं कळलं आणि मी वाकडला तुमच्या घरी आले. तुमच्या त्या उंच इमारतीच्या फाटकावर वॉचमनने माझी पिशवी तपासली. मी लिफ्टमध्येच तापले. दार तुम्हीच उघडलंत. किती बारीक झाला होता. मी ठरवून आलेलं सगळं विसरायला हवं होतं, पण मी तशी नाही हे तुम्हाला माहीत आहे. पाण्याचा पेला अर्धा झाल्यावर मी विषय काढला.

"आधी माझीच प्लेट का?"

तुम्ही जणू त्या प्रश्नाची वाटच बघत होता. "ती शेवटी ठेवली असती तर सगळे म्हणाले असते, मॅडम आपल्या माणसाला वाचवताहेत. मग काहीही सापडलं तरी तुमच्या नावामागे शंका राहिली असती. आधी मोजली म्हणून आधी सुटली."

"सुटली? म्हणजे आरोपीच ना."

"सुरेखाबाई, मोजणं म्हणजे आरोप नव्हे."

मग मी तुम्हाला गेटची गोष्ट सांगितली. पिशवीची, डब्याची, उलट्या केलेल्या भाकरीची. आधी कधी सांगितली नव्हती. संपल्यावर म्हणालात, "हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर मोजायचं थांबला असता?"

तुम्ही खरा विचार केलात. तोंडदेखलं बोलायचं तुम्हाला आयुष्यात जमलं नाही. "नाही," म्हणालात. "मोजलीच असती. पण आधी कुरुळीला येऊन सांगितलं असतं."

हे मला पुरायला हवं होतं. नाही पुरलं. मी म्हटलं, "मग आता तरी म्हणा, प्लेट बरोबर होती."

"ठरलेल्या मापाच्या आत होती. चांगली आत."

"बरोबर म्हणा."

"बरोबर असं काही नसतं हो. किती चुकलंय आणि कुठल्या बाजूला, एवढं कळलं की झालं. मी आकाशातल्या एकाही वस्तूचा पत्ता नुसता सांगितलेला नाही. वर्तुळ काढून सांगते, या वर्तुळात आहे. तुम्हीसुद्धा ड्रॉइंगवर अधिक-उणे बघूनच काम करता ना?"

"ते मालाचं. माणसाला असं बोलतात का?"

तुम्ही हसलात आणि खोकला लागला. मी पाठ चोळली. ती एवढीशी पाठ माझ्या हाताला अजून आठवते. निघताना तुम्ही दारापर्यंत आलात आणि म्हणालात, "परत या. भांडण अर्धं राहिलंय." मी म्हटलं, "माझं नाही राहिलं." हे खोटं होतं. परत यायचंच होतं, त्याआधी शिरीषचा मेसेज आला.

परवा शिरीष कुरुळीला आला. तोही आधी काट्यावर गेला. इतक्या वेळा येऊनही नकाशा लावतो, तुमचाच चेला. दुसरी दुर्बीण ठरलीय, पहिलीपेक्षा मोठी, जाळीही मोठी आणि घरं बारीक. त्याने ड्रॉइंग उलगडलं. कोपऱ्यात छापील अक्षरात होतं: कडा मोडू नयेत. मामांनी ते बोट ठेवून वाचलं आणि हात पाठीमागे बांधले.

मी शिरीषला भाव सांगितला. तो दचकला. मग तो जोडप्लेटबद्दल, मापाबद्दल बोलायला लागला, आणि बोलता बोलता म्हणाला, "आणि या वेळी पण प्रत्येक भोक मोजून द्यावं लागेल, मागच्यासारखं. मॅडमनी ती शिस्तच घालून दिलीय."

"मागची मापं तुम्ही पास-नापास करायला घेतली होती ना?"

"ती तर होतीच. पण कॉम्प्युटरमध्येही तीच आहेत."

"म्हणजे?"

"सावली ताडून बघायला कॉम्प्युटरला जाळीचा नमुना लागतो. आम्ही ड्रॉइंगवरचा नमुना टाकणार होतो, सोपं असतं, सगळे चौकोन नीट. मॅडमनी टाकू दिला नाही. यान उडायच्या आधीच वर जाणाऱ्या प्लेटचं एकेक भोक, जिथे आहे तिथे, जेवढं सरकलंय तेवढं सरकवून, टाकायला लावलं. आम्ही कुरकुर केली तर म्हणाल्या, आकाशात माझं ड्रॉइंग जाणार नाहीये. सुरेखाबाईंची प्लेट जाणार आहे."

मी शिरीषला चहा सांगितला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. समोर काट्यावर ट्रक उभा होता.

मॅडम, हे तुम्हाला वाकडला सांगता आलं नाही? मी एक वाक्य मागत होते, तुमच्याकडे त्याहून मोठं होतं, आणि तुम्ही मला अधिक-उणे शिकवत बसलात. दुर्बिणीने सांगितलेला प्रत्येक पत्ता माझ्या शेडमध्ये कापलेल्या एकेका भोकातून, त्याच्या बारीकसारीक वाकडेपणासकट निघतो, हे तुम्हाला माहीत होतं आणि मला नव्हतं. तुमच्या दृष्टीने ती सांगण्यासारखी गोष्टच नसणार. तुमच्या क्षेत्रात कुणालाही कळते अशी. मी तेव्हाच सांगितलं होतं, आमच्याकडे लिहावं लागतं.

मी आत आले आणि शिरीषला म्हटलं, काम घेते. एक अट ड्रॉइंगवर लिहून दे, मराठीत, कडांच्या ओळीखाली.

त्याला वाटलं मी पैशाचं बोलणार. त्याने पेन काढलं, पण जपून.

"लिही. पत्ता चुकला तर आधी सुरेखाबाईंची प्लेट मोजावी. बाहेरच्या यंत्रावर. त्यांच्या समोर."

त्याने पेन वर उचललं. "तुम्ही स्वतः..."

"मी स्वतः. दुसऱ्याने पिशवी उघडणं वेगळं आणि मी आपण होऊन टेबलावर उलटी करणं वेगळं. लिही."

त्याने लिहिलं. मग हळूच म्हणाला, "बाई, मग भावात काही..."

"भाव तोच," मी म्हटलं. मामा गालातल्या गालात हसले.

तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. तो जाईल असं ज्यांना वाटत असेल त्यांनी शोकसभेत बोलावं. तुम्ही माणसाला मालासारखं मोजायच्या, चांगली गोष्ट तुमची सांगायची राहून जायची, आणि कुणाची बाजू घ्यायची वेळ आली की आधी यंत्राकडे बघायच्या. पण मी तुम्हाला इतकी वर्षं बघितलंय. तुमचं चुकणं कायम त्याच बाजूला आणि तेवढंच असायचं. आज इकडे, उद्या तिकडे, असं कधी नाही. सभेत ज्यांनी तुम्हाला गोड करून सांगितलं त्यांना तुम्ही सापडणार नाही. मला सापडता. तेवढं वजा करते, आणि तुम्ही बरोबर तुमच्या जागी असता.